मागच्या गल्लीनं जाणारे बाबा

माझे बाबा अर्धं आयुष्य चोरासारखे मागच्या गल्लीनं चालले.
चोरी कसलीच केली नव्हती. एक सही केली होती.

आज सकाळी ते गेले.

ऐंशीच्या दशकातलं आमचं पांढुर्णा. बाबांचं भांड्यांचं दुकान. शाळेपासूनचे त्यांचे जिवलग नामदेवकाका संत्र्यांसाठी लाकडी पेट्या ठोकायचे. त्यांना लाकूड कापायची मशीन घ्यायची होती.

सावकाराचं व्याज ऐकूनच घाम फुटायचा. बँक म्हणाली, लोन देतो, गॅरंटर आणा.
ज्याच्याकडे एक हातोडीच आहे, त्याचा गॅरंटर कोण होणार?

बाबा झाले.
आई म्हणाली, "इचार तं करा!"
"नाम्यासाठी कायचा इचार?"

मशीन आली. काकांनी जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला, आम्हाला पेढे दिले.

पुढच्या मोसमात गारपीट झाली. संत्रीच नाहीत, तर पेट्या कोण घेणार? काकांचे हप्ते थकले आणि बँकेनं बाबांना बोलावलं. बाबांनी मुकाट्यानं भरले.

पैशाचं त्यांना काही वाटलं नाही हो. पण रोज संध्याकाळी दुकानात येणारे काका यायचे बंद झाले. बाबा दिसले की बोळात शिरायचे.

मग बाबांनीच बाजाराचा रस्ता सोडला, मागच्या गल्लीनं जाऊ लागले.
"बाबा, इकडून कायले जाता?"
"मी दिसलो का त्याले हप्ता आठवते. त्यानं कायले तोंड लपवावं? मीच जातो इकडून."

आणि गंमत पाहा. एक दिवस त्याच गल्लीत काका समोर! तेही बाबांना टाळायलाच तिकडून चालले होते.

बाबा म्हणाले, "नाम्या, हप्ता बँकेचा हाय बे. चहा तं आपला हाय नं?"

काका रडले. "उद्या येतो," म्हणाले.

आले नाहीत. काही दिवसांत बिऱ्हाड हलवून गावच सोडलं. कोणी म्हणे सौसरला गेले. बाबा तिथंही शोधून आले.

आता टाळायला कोणी उरलंच नव्हतं. तरी बाबा गल्लीनंच जायचे. मी चिडायचे.
"एकडाव भेटला होता नं इथं," म्हणायचे.

आज दुपारी त्यांना भर बाजारातून नेलं.
गल्ली अरुंद आहे. तिरडी वळत नाही.

सगळे गेल्यावर मी एकटीच त्या गल्लीत जाऊन उभी राहिले.
बराच वेळ.
कोणी आलं नाही.

बाबा, लेकीचा शेवटचा नमस्कार.