घोट घोट पाणी

लिंबू चिरलं की रियाधमधली ती शुक्रवारची सकाळ आठवते. मी तेव्हा तिथे नर्स होते. आम्ही राहायचो त्या कंपाउंडमध्ये क्रिकेटची फायनल होती. नवरा उन्हात भरपूर धावा काढून परतला, आणि लगेच बोलिंगही त्यालाच करायची होती. त्याने गार पाण्याची बाटली तोंडाला लावली. मागच्या मॅचला असंच गटागटा पिऊन तो ओकला होता. मी बाटली काढून घेतली आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी हातात दिलं. "सावलीत बस. घोट घोट पी." कॅप्टन ओरडला, "भाभी, यल्ला! जल्दी करो!" मी म्हटलं, "रुको. ग्लास खतम होने दो." सगळे थांबले. शेवटची विकेट नवऱ्यानेच काढली. आजही मैदानातून कुणी घामाघूम आलं, की हातात लिंबूपाणी द्यायला मी कुणाची परवानगी घेत नाही.