आलं तर उतराया जागा

जळकोटच्या पाशामियाँच्या रानात एक लांबलचक पट्टी होती. ज्वारी निघाली की तिथला दगडन् दगड तो वेचून बांधावर टाकायचा. बाकीच्या रानातले दगड मात्र सुखानं नांदायचे. त्याची बायको सायराबी म्हणायची, "पट्टीला जावई येणार हाय काय?" तिचं काही चुकत नव्हतं, पण मियाँही काही वेडा नव्हता.

लढाईच्या दिवसांत हैदराबादेहून उडालेलं एक शिकाऊ विमान वाट चुकलं, पेट्रोल सरत आलं आणि ते पाशामियाँच्या मोकळ्या रानात उतरलं. जागा दोनच. पुढं शिकवणारे कप्तानसाहेब, मागं शिकणारा पोरगा. पंख लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून, वर रोगण चढवलेले. कप्तानसाहेब म्हणाले, "आम्ही नळदुर्गाहून तार करून येतो. एकाही माणसाला हात लावू देऊ नका. आणि वाऱ्यानं उलटेल, बांधून ठेवा."

मियाँ काठी घेऊन बसला. शेजारच्या महांतप्पालासुद्धा त्यानं जवळ फिरकू दिलं नाही. दुपारी वारा सुटला. भेगाळलेल्या रानात खुंटी काही धरेना. मग मियाँला शक्कल सुचली. त्याची बैलजोडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकदा पाय रोवले की ती जागची हलायची नाही, ही त्याची सगळ्या गावाला ऐकवून झालेली बढाई. त्यानं विमानाचे दोर जुवाला बांधले आणि निर्धास्तपणे नमाज पढायला गेला.

बैल खरंच हलले नाहीत. हलायची गरजच नव्हती. रोगणाची चव जोडीतल्या हरण्या बैलाला भलतीच आवडली, आणि मियाँ परत येईपर्यंत त्यानं पंखाचं सुपाएवढं कापड चाटून, चावून फस्त केलं होतं.

"सरकारी इमान हाय, मियाँ," महांतप्पा हळूच म्हणाला. "आता बैल जप्त हुत्यात बगा."

बैल गेले तर पेरणी गेली.

दुसऱ्या दिवशी मोटारीतून कप्तानसाहेब आणि मिस्त्री आले. मियाँ हरण्याचा कासरा धरून पुढं झाला. "म्याच बांधलं हुतं, साहेब. मला न्या. जनावर मुकं हाय, त्याला नगा नेऊ."

साहेबांनी पंख पाहिला, मग बैल पाहिला. "मी माणसांचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "बैलांचं सांगायला मीच विसरलो. आणि वाट चुकलो ते आम्ही. तुम्ही तर राखण केलीत." त्यांनी हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला. मियाँला रडू आवरेना.

मिस्त्रीनं पंखाला ठिगळ लावलं. धावायला पट्टी साफ हवी होती. मियाँ, सायराबी, महांतप्पा, सगळ्यांनी मिळून दगड वेचले. विमान उडालं, रानावरून एक घिरटी घातली आणि गेलं.

त्या भल्या माणसाचं नावसुद्धा मियाँनं विचारलं नव्हतं. उपकार फेडायचे तरी कुठं? म्हणून दर साली तो पट्टी साफ करायचा. "आलं तर उतराया जागा पायजे," एवढंच म्हणायचा. पुन्हा विमान कधी उतरलं नाही.

मियाँ गेला त्या साली ज्वारी निघाल्यावर महांतप्पाला पट्टीत कुणीतरी वाकलेलं दिसलं. सायराबी होती, पदरात दगड घेतलेली.

"आता कशाला, भाबी?"

"त्यांचा सायेब आला तर?" ती म्हणाली आणि पुढच्या दगडाला वाकली.