वरल्या मुलखातले तळलेले आलू

मोमिनाबादच्या छावणीत मी घोड्यांच्या पागेत कामाला होतो. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. घरची जमीन थोरल्या भावानं बघायची आणि मी जनावरांच्या मागं फिरायचं, हे वडील असतानाच ठरून गेलेलं. पागेतल्या एका गोऱ्या साहेबाची नोकरी सरली तेव्हा तो आपली दोन आवडती घोडी जहाजावर घालून विलायतेला निघाला. घोडी माझ्याखेरीज कुणाच्या हातून चंदी खात नव्हती. म्हणून मलाही घेऊन गेला.

निघताना आईनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तिथं काय बी खा, पर गाईचं तोंडात घालू नको. माझ्या गळ्याची आन हाय तुला. आन एकादस सोडू नको."

"न्हाई सोडत, माय," मी म्हणालो, आणि एकादशी खरंच सोडली नाही.

साहेबाचं घर पार उत्तरेला, डोंगरातल्या थंड मुलखात होतं. पहिले दिवस कोरड्या पावावर काढले. मग एक दिवस घोड्याला नाल मारून आणायला गावात गेलो, तेव्हा एका दुकानाच्या दारात बायाबापड्यांची रांग दिसली. आत मोठ्या कढया लावलेल्या. त्यांत मैद्यात बुडवलेली मासळी आणि बोटाएवढे कापलेले आलू तळत होते. जुन्या अखबाराच्या कागदात बांधून द्यायचे. वर काळसर आंबट रस शिंपडायचे. तो दुकानदार इटलीकडचा, म्हणजे माझ्यासारखाच परका. मला बघून हसला आणि मूठभर आलू जास्त घातले. आलू म्हणजे कंदमूळ, उपासाला चालतंय असं मी मनाशी ठरवलं. एकादशीला मासळी टाळून नुसते आलू घ्यायचे.

पुढं साहेबानं मला घोड्यांसकट आपल्या बहिणीकडं धाडलं. तिचं गाव गिरण्यांचं होतं. सगळीकडं धूर, आणि भोंगा झाला की माणसांचा लोंढा. तिथली तऱ्हा वेगळी. आलू जाड कापायचे, वर मीठ आणि आंबट सिरका, बाजूला वाटाण्याचं घट्ट वरण. कढईत उरलेला कुरकुरीत चुरा मागितला तर फुकट मिळायचा. त्या आलूंना जी चव होती ती मी जन्मात चाखली नव्हती. बाहेरून कडक, आत लोण्यासारखे, आणि खाऊन झाल्यावरही कितीतरी वेळ ओठांवर चव राहायची. दुकान पागेच्या समोरच होतं. आठवड्याला तिथं एक गाडी यायची, तिच्यातून पांढऱ्या घट्ट वड्या उतरवायच्या. हात मोकळा असला तर मीही उतरवू लागायचो. मग दुकानदारीण मला कागद भरून आलू द्यायची.

परतताना दक्षिणेच्या बंदरावर जहाजाची वाट बघत थांबलो. तिथंही असलीच दुकानं होती, पण तिथले आलू मला फिके वाटले. मी मोडक्यातोडक्या बोलीत दुकानदाराला म्हणालोही, वरल्या, उत्तरेच्या मुलखात याहून झकास मिळतात. तो म्हणाला, आम्ही बियांच्या तेलात तळतो, ते तसं तळत नाहीत. मी मान हलवली आणि कागद फेकून दिला.

गावी आलो तर आईच्या आनंदाला पार उरला नव्हता. पाणवठ्यावर, देवळात, वडवणीच्या बाजारात, भेटेल त्या बाईला ती सांगायची, "माझ्या लेकानं समिंदरापल्याड एकादस मोडली न्हाई." लोक मला बोलावून घ्यायचे. मी पण लई फुगलो होतो. कोणत्या मुलखात काय तळतात, वर काय घालतात, सगळं रंगवून सांगायचो. ऐकणारे मिटक्या मारायचे.

त्याच साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नांदूरघाटचं घर, खाऊनपिऊन सुखी. व्याही पोक्त माणूस, बोलायला कमी. सुपारी फोडायला ते चार माणसं घेऊन आले. मी आधीच छावणीच्या बाजारातून आलू आणून ठेवले होते. आमच्याकडं तेव्हा आलू सगळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. मी भावाला म्हणालो, "पाव्हण्यांना आज विलायती खाऊ घालतो." आणि अंगणात चूल मांडून करडईच्या तेलात तळायला बसलो.

पाव्हण्यांनी एकेक तुकडा उचलला. आई दाराआडून कौतुकानं बघत होती.

"ग्वाड हाय की," व्याही म्हणाले.

तिथंच गप्प बसायचं होतं. पण मला चव जमली नव्हती आणि ते मला सहन होईना. मी म्हणालो, "ही काय चव न्हवं, पाव्हणं. वरल्या मुलखात खायला पायजे. तिथं तेलात तळत न्हाईत. पांढरं घट्ट असतं कायतरी."

"तूप?" व्याह्यांनी विचारलं.

"तुपावानीच. पर तूप न्हाई. वड्या असत्यात. खाटकाच्या गाडीतून..."

तोंडातून शब्द निघाला आणि मीच तो ऐकला.  हातातला झारा तसाच राहिला, कढईतले आलू काळे पडायला लागले. ती गाडी डोळ्यासमोर आली. पांढऱ्या वड्यांच्या मागं लोंबणारी ती मोठी, सोललेली धडं. ती बकऱ्याची नव्हती, गाईबैलांची होती, आणि वड्या त्यांच्याच चरबीच्या. दर आठवड्याला बघत होतो मी ती. बघून कधी एक सवाल केला नव्हता.

व्याह्यांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला. भाऊ म्हणाला, "पाव्हणं, ह्ये तर आपल्या करडईच्या तेलातलं हाय." व्याही म्हणाले, "त्ये म्हाईत हाय," आणि उठून हात धुतले. सुपारी तशीच तबकात राहिली. मी दाराकडं बघितलं तर आई तिथं नव्हती.

दोन्ही गावच्या जाणत्यांनी मला मारुतीच्या पारावर बोलावलं. माणसं दाटीनं बसली होती. ज्यांनी माझ्या गोष्टी ऐकून मिटक्या मारल्या होत्या तेच पुढं होते. बायका भिंतीकडेला उभ्या होत्या, आईही होती. तिनं पदर तोंडावर घेतला होता.

"गाईचं खाल्लं, ह्ये कबूल?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कबूल."

"म्हाईत हुतं का?"

"न्हवतं. पर इचारलं बी न्हाई."

"एकादशीला बी?"

मी मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "एकादशीला तर पोटभर!" आणि हशा झाला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतका वेळ गप्प बसलेले व्याही तेवढ्यात म्हणाले, "मला एकच सांग. लागत कसं हुतं?"

हसणारे थांबले. मला वाटलं थट्टा करतात, पण ते माझ्याकडं सरळ बघत होते. वाईट लागायचं, म्हणून सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? आईला तरी हलकं वाटलं असतं. पण तो सवाल ऐकतानाच माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते गिळताना जी शरम वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही.

"चांगलं लागत हुतं," मी म्हणालो.

पारावर गलका उठला. कुणी "अरारा" म्हणालं, कुणी थुंकलं. व्याही हात वर करून म्हणाले, "दुसरा कुणी असता तर ओकारी आली म्हणून सांगितलं असतं. ह्याला शुद्ध करून घ्या. लगीन ठरल्यापरमानं व्हईल."

नदीवर माझं मुंडन झालं, मिशा गेल्या, गोमूत्र घेतलं, भटजींनी मंत्र म्हटले. जेवणाला व्याही आपणहून माझ्या शेजारी बसले. बहिणीचं लग्न झालं, ती सुखात नांदली. सासरी तिला कुणी टोमणा मारला असेल तर तिनं मला तो कधी कळू दिला नाही. गावानंही हळूहळू विषय सोडला.

आईनं मात्र पुढची एकादशी आली तेव्हा पाण्याचाही थेंब घेतला नाही. रताळं नाही, दूध नाही. त्याच्या पुढच्या एकादशीलाही तेच. मी म्हणालो, "माय, शुद्धी झाली की माझी. तू कावून अशी करतीस?"

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू तिकडं गेलतास तवा मला वाटायचं, लेकरू परमुलखात उपाशी असंल. भाकर हातात घेतली की घास उतरायचा न्हाई. अर्धी खायची आन उठायची. आन तू पारावर सांगितलंस, चांगलं लागत हुतं."

"मग वाईट लागाया पायजे हुतं का, माय?"

"न्हाई रं. पोट भरलं त्ये बरंच झालं." थोडा वेळ ती निवडत राहिली. "पर मला हसाया बी येईना आन रडाया बी येईना. म्हणून तेवढा एक दिस गप पडून ऱ्हाते."

 एकादशीला मी भावाबरोबर शेतात जायचं टाळून घरीच थांबायचो. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची आणि मी ओट्यावर दोर वळत बसायचो. 

पुढं ती फार थकली. एकदा भावजय माहेरी गेली होती आणि भाऊ बाजाराला. स्वयंपाक मलाच करावा लागला. भाकरी एका बाजूनं करपली, पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. मी ताट तिच्यापुढं ठेवून बाजूला सरकलो. ती माझ्या हातचं खाईल की नाही याचा मला भरवसा नव्हता. तिनं करपलेला पापुद्रा नखानं काढला, भाकरी मोडली आणि सावकाश सगळी खाल्ली. मग हात पुढं केला, आणि मी त्यावर पाणी घातलं.