न दिसलेले दिवे

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. बी.एस्सी. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. त्यामुळे आईच्या औषधांचं सगळं माझ्याकडे.

संधिवाताने सकाळी तिची मूठ मिटत नसे. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी ती पुन्हा हातांवर मांडा फिरवायला लागली. नरडाण्याच्या आसपास लग्न असलं की खापरावरचे मांडे करायला तिलाच बोलावतात.

काही वर्षांनी डॉक्टर म्हणाले, धुळ्याला जाऊन डोळे तपासून घ्या. सांध्यांच्या गोळीचा डोळ्यांशी काय संबंध? मी वाचत बसले. गोळी मूळची हिवतापाची निघाली. फार वर्षं घेतली तर काही जणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा करते, आणि सुरुवातीला त्या माणसाला पत्ताही लागत नाही. बसमध्ये मी हे सगळं आईला सांगितलं. शेवटी म्हणाले, "काही सापडलं तर गोळी बंद."

तिने मांडीवर दोन्ही मुठी मिटून उघडून बघितल्या.

तपासणीत एका पांढऱ्या घुमटात डोकं टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिसला की बटण दाबायचं. आई बाहेर आली ती पहिला नंबर आल्यासारखी. "मी एक बी दिवा सोडा नही!"

तपासणारी मुलगी कागद बघून हसली. "अक्का, मशीन मधूनमधून नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय."

मी आईकडे बघितलं. ती माझ्यावरच उखडली. "गोळी बंद व्हयनी तं मांडा कोन करी? तुनी डिग्री?"

उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. "हातांसाठी दुसरी औषधं आहेत, अक्का. पडदा मात्र बिघडला की बिघडला."

"दुसरी गोळी शे, हाई माले कोनीच सांगं नही," आई म्हणाली आणि आपणहून परत मशीनपुढे जाऊन बसली. या वेळी बटण थांबत थांबत वाजत होतं. एकदा तर इतका वेळ वाजलं नाही की मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

पडद्याचा फोटोही काढला. दोन्ही डोळे चांगले निघाले. गोळी चालू, तपासणी दर वर्षी.

आईचं मात्र समाधान झालं नव्हतं. "बिघडस तं पहिले काय दिखाले बंद व्हस?"

"जिथे बघता त्याच्या शेजारचं," बाई म्हणाल्या. "वाचताना एखादं अक्षर गळतं."

आईला वाचता येत नाही. स्टँडवर तिने एक डोळा हाताने झाकला आणि माझ्या तोंडाकडे टक लावली. मग दुसरा झाकला. लोक बघायला लागले.

"तुना नाककडे देखस तं दोन्ही कान दिखतस," ती म्हणाली. "चाल, बस लागनी."