धाकट्याची पोटरी

सत्तावीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काढलेल्या ताईचा हात इतका हलका, की सुई टोचल्यावर पोरं रडायचं विसरत. जगाचं रक्त तिनं काढलं. सख्ख्या धाकट्या भावाचं तेवढं वेळेत काढायचं राहिलं.

तो ट्रक चालवायचा. दिवसभर बसून काम, ओठांत सिगारेट, जेवण मिळेल तिथे, मिळेल तसं. वडील ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेले, काकाही तसेच.

"अरे, आपल्या घराण्यातच आहे हे," ताई कानीकपाळी ओरडायची. "साखर, चरबी, बीपी, एकदा बघून तरी घे."

"तुझ्या सुईपेक्षा घाटातली वळणं बरी!"

एकदा मात्र तो आपणहून आला, उपाशीपोटी. चाललं की पोटरी दुखते, थांबलं की बरी होते, म्हणाला. नेमकं त्या दिवशी यंत्र बिघडलेलं, लॅबमध्ये मुंगी शिरायला जागा नाही.

"उद्या ये रे. पहिला नंबर तुझा," ताई घाईत बोलून गेली.

उद्या त्याला माल घेऊन निघायचं होतं. "बरं," म्हणाला आणि गेला, तो गेलाच.

वर्षभरानं बूट चावून डाव्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना, काळी पडली. डॉक्टर म्हणाले, पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजून कडक झाल्यात, साखरही केव्हाची वाढलेली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तो पांघरुणाच्या सपाट भागाकडे बघत राहिला. "क्लच आता कोण दाबणार, ताई?" म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

"त्या दिवशी मी तुला परत पाठवलं नसतं तर..."

"सिगारेटी काय तू ओढत होतीस?"

तो तिला दोष देत नव्हता. तेच तिला सोसवेना.

सिगारेट त्यानं त्याच दिवशी सोडली. गोळ्या वेळेवर घेतल्या, मीठ तोडलं, कुबड्यांवर अंगणाच्या फेऱ्या मारल्या. ताई दर तीन महिन्यांनी घरी येऊन रक्त न्यायची. आकडे उतरत होते. पण नासलेलं आधीच खूप होतं.

दीड वर्षानं एका दुपारी बायकोसोबत मटार सोलता सोलता तो म्हणाला, "जरा पडतो." पुन्हा उठला नाही.

ताई धावत आली. सवयीनं तिची बोटं त्याच्या मनगटावर गेली. भावजय आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ताईला हात काढून घेता येईना.