घाटमाथ्यावर थांबलेली गाडी

बायको गेली तेव्हापासून देवीपुढे हात जोडणं मी सोडलं होतं. तिच्या आजारपणात इतकं विनवलं, तरी ती गेलीच. मग मागायचं तरी कुणाजवळ? परतवाड्याला माझं छोटं गॅरेज आहे. कामात डोकं घातलं की दिवस निघून जायचा.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका निवृत्त सरांच्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर, म्हणजे चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या, पार घासले होते. मी नवे बसवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि काकू नातीला घेऊन चिखलदऱ्याला गेले. दुपारी त्याच खोक्यातला दुसरा जोड मी एका टॅक्सीसाठी काढला. हाताळता हाताळता लायनर लोखंडी शूवरून सुटला आणि माझ्या हातात आला. दुसराही तसाच. कारखान्यातच ते नीट चिकटले नव्हते.

घाट चढताना ब्रेक फारसे लागत नाहीत. उतरताना सारी मदार त्यांच्यावरच. चाकातले ड्रम तापले, लायनर सुटले, तर पुढे दरी. सरांना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, तेच. नुसता चिकटवलेला नाही, तर रिव्हेटचे खिळे मारलेला, जुन्या घडणीचा दोन्ही चाकांचा एक संच फळीवर होता. तो, जॅक आणि पाने पिशवीत टाकून मी मोटारसायकल काढली.

घाटात समोरून येणारी प्रत्येक गाडी मी धास्तीनं पाहत होतो. एका वळणावर कठडा तुटलेला दिसला आणि मी मोटारसायकल थांबवली. तुटलेल्या जागी गवत उगवलं होतं, म्हणजे ते जुनं होतं. तरी मला खाली बघवेना. इतक्या वर्षांनी तोंडातून आपोआप निघालं, "माय, त्याइले वरच थांबव."

घाटमाथ्यावर, परतीचा उतार लागायच्या थोडं आधी, गाडी उभी होती. नात झाडाखाली खेळत होती. सर वैतागून येरझारा घालत होते.

"काहून रे, तू इकडं कसा?"

गाडी हलवू नका, एवढं सांगून मी पिशवीतून जॅक काढला. काकू म्हणाल्या, "एक म्हातारी गाडीत बसली होती, खाली सोडून द्या म्हने. इथं आल्यावर म्हने, मायं गाठोडं मागं राह्यलं, घेऊन येतो. गेली ते आलीच नाही."

"मी हिले कवाचा सांगून राहिलो, चाल म्हणून," सर म्हणाले.

"म्हातारीले असं अर्ध्यात टाकून कसं जाव?"

मी चाक काढलं, ड्रम उघडला. लायनरची एक कड शूपासून सुटली होती. दुसऱ्या चाकातही तेच. सरांनी ते पाहिलं आणि नातीला जवळ ओढलं. मी दोन्हीकडे आणलेला संच बसवला.

निघण्याआधी आम्ही म्हातारीला शोधलं. ती दिसली नाही. मिळाली असेल तिला एखादी जीप, तसंही असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी घाटातून वर येत होतो तेव्हा कुणीतरी त्यांना वर धरून ठेवलं होतं. आणि काकूंच्या मनात दया नसती, तर ते थांबलेही नसते.

बायकोला का नाही राखलं, हे मी देवीला आजही विचारतो. उत्तर मिळालेलं नाही. पण आता रागावूनसुद्धा तिच्याजवळच बसतो. काम जीव लावून करावं, आणि हातातून सुटलेलं तिच्या पदरात टाकावं. दुसरं आपल्या हाती आहे काय?