पुसायला लावलेली टीप

पंप आपोआप सुरू झाला तेव्हा माझ्या नवऱ्याचा उजवा हात पट्ट्याखाली होता. तो ओरडला नाही, मी ओरडले. मुलगा धावत आला, त्याने मेन स्विच पाडला. तोवर पट्टा रक्ताने भिजला होता.

त्या दिवशी अमावास्या होती. इब्रामपुरात आम्ही अमावास्येला कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काम करत नाही, म्हणून नवरा त्याच दिवशी पंपाला ग्रीस घालायचा. मेन स्विच बंद करायची सवय त्याला उरली नव्हती, कारण त्या दिवशी पंप सुरू होतच नसे. ती सोय लेकीने लग्नाआधी केली होती. कॉम्प्युटरवर चौकोन मांडून रेषांनी जोडले, की पंप आपला चालतो, आपला थांबतो. एका चौकोनात नुसत्या तारखा होत्या. शेजारी तिने टीप लिहिली होती: ‘अमावास्येला पंप बंद. बाबा पट्ट्यात हात घालतात. हा चौकोन काढू नये.’

मी चौथी शिकले. वाचता येतं.

“हे पूस,” मी म्हणाले.

“अगो आई, उद्या दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला कारण कसं कळणार?”

“तुझा भाऊ हे चौकोन गावभर मोबाइलवर दाखवत फिरतो. यांचं यंत्रसुद्धा अमावास्या पाळतं म्हणतील.”

“हसले तर हसूं दे.”

“तू जाशील डिचोलीला नवऱ्याकडे. ऐकायचं मला आहे. पूस.”

तिने पुसलं.

मुलगा रोज पणजीला नोकरीला जातो. बाप अमावास्येला काय करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. यंदा उन्हात पोफळी करपायला लागल्या तेव्हा त्याने बहिणीचे ते चौकोन उघडले. “आई, या तारखांना पाणी बंद का?” मी मासे कापत होते. “बहिणीचं खूळ असेल तुझ्या,” म्हणाले. त्याने चौकोन काढला. पुढची अमावास्या रविवारी आली, म्हणून तो घरी तरी होता.

हॉस्पिटलात सगळे त्यालाच बोलले. “तिथं काही लिहिलेलं नव्हतं,” एवढंच तो म्हणत राहिला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले, ती माझ्यासाठी गप्प बसली.

चवथीला सगळे जमले तेव्हा मी सांगितलं. मुलगा म्हणाला, “इतके महिने मला ऐकू दिलंस?” तो आता माझ्या हातचं वाढून घेत नाही.

नवरा वाचला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळीच राहिली आहे, जेवतो डाव्या हाताने.